माऊस गार्ड : उंदीर उंदराएवढाच ठेवला, तिथेच बाजी मारली

प्राणी बोलायला लागले की मराठी वाचक दोन गोष्टी गृहीत धरून बसतो. पुस्तक लहान मुलांचं असणार, आणि शेवटी तात्पर्य येणार. ‘माऊस गार्ड : फॉल ११५२’ हातात घेताना या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवा. यातले उंदीर दोन पायांवर चालतात, खांद्यावर झगा घेतात, तलवार चालवतात, गावं वसवतात. पण समोर साप आला की ते उंदीरच असतात, आणि साप त्यांना उंदरासारखाच गिळतो.

अमेरिकेतल्या मिशिगनचा चित्रकार डेव्हिड पीटरसन याने लिहिलेली, रेखाटलेली आणि रंगवलेली ही चित्रकादंबरी. पहिला अंक त्याने २००५ मध्ये स्वतःच छापला. २००६ पासून आर्काया या प्रकाशनाने सहा अंकांची मालिका काढली आणि २००७ मध्ये ते सहा अंक एका पुस्तकात आले. २००८ साली कॉमिक्सच्या जगातले मानाचे आयस्नर पुरस्कार याला दोन गटांत मिळाले. त्यातला एक मुलांसाठीच्या प्रकाशनाचा होता. तो गट पाहून पाच वर्षांच्या मुलासाठी पुस्तक मागवू नका, त्याबद्दल पुढे येईलच.

कथेची चौकट सोपी आहे. उंदरांची गावं कातळात, बुंध्यात, मुळांखाली लपलेली आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर मधलं रान ओलांडावं लागतं आणि रानात प्रत्येकाला उंदीर खायचा असतो. म्हणून ‘गार्ड’ नावाचं पथक. वाटा शोधणं, मालाच्या गाड्यांना सोबत करणं, हवामानावर नजर ठेवणं ही त्यांची रोजची कामं. ११४९ च्या हिवाळ्यात वीझल नावाच्या लांबट, चपळ शिकाऱ्यांशी उंदरांचं युद्ध होऊन गेलंय. आता तीन वर्षांनी रूटवॅलोहून बार्कस्टोनला निघालेला एक फिरता धान्यव्यापारी वाटेत गायब झालाय. त्याला शोधायला सॅक्सन, केन्झी आणि लियम हे तिघे निघतात. व्यापारी सापाच्या पोटात सापडतो. त्याच्या गाडीतल्या धान्यात मात्र पथकाच्या मुख्य ठाण्याचा, लॉकहेवनचा, नकाशा निघतो. म्हणजे घरातलाच कोणीतरी फितूर. यापुढची गोष्ट इथे सांगत नाही.

या जगात जादू नाही, हे आधी लक्षात घ्या. मंत्र नाही, शाप नाही, उडता घोडा नाही, माणूसही नाही. तरी याला फँटसी म्हणतात आणि वाचताना ती तशीच अंगावर येते, कारण पीटरसनने सगळी अद्भुतता एका मोजमापातून काढली आहे. घरात फिरणारा साधा उंदीर शेपटी सोडून ८ ते १० सेंटीमीटरचा. तो मागच्या पायांवर उभा राहिला तर आपलं नागपुरी संत्रं त्याच्या छाती-गळ्यापर्यंत येईल. याच हिशेबाने एक मीटरचा साप म्हणजे माणसाच्या मापात १८ मीटरचं जनावर. त्याला पंख लावायची आणि तोंडातून आग काढायची गरजच उरत नाही. ड्रॅगनची भीती पीटरसनला फुकटात मिळते, तीही खऱ्या सापाच्या शरीररचनेला हात न लावता.

हे मोजमाप तो पानोपानी पाळतो. गवताची पाती झाडांएवढी, वाळकं पान दारासारखं आडवं आलेलं. दुसऱ्या प्रकरणात सेडी नावाची गार्ड समुद्रकिनाऱ्यावरच्या ठाण्यात पोचते आणि तिथे खेकडे येतात. पुस्तकातली सर्वांत चांगली लढाई हीच. खेकड्याचं कवच भिंतीसारखं, नांगी उंदराच्या अख्ख्या अंगाहून मोठी, आणि तलवार त्या कवचावर काही कामाची नाही. कुठल्याही कोळ्याला जे दोन बोटांत धरता येतं, ते इथे चित्राच्या चौकटीत मावत नाही. खेकड्यांचा उंदरांवर राग नसतो, त्यांचा कोणी सरदार नसतो, ते बोलतही नाहीत. पुस्तकात फक्त उंदीर कट रचतात. बाकीचं रान आपल्या पोटामागे असतं. शत्रूंचे हे दोन प्रकार वेगळे ठेवल्यामुळे गोष्टीला जो ताण येतो, तो सगळ्याच प्राण्यांना माणसासारखं बोलायला लावलं असतं तर कधीच आला नसता.

मोजमाप डोळ्यात भरवायचं असेल तर नागपुरात सोपा उपाय आहे. अजब बंगल्यातल्या, म्हणजे तिथल्या सरकारी संग्रहालयातल्या, प्राणी-पक्ष्यांच्या दालनात मुलांना एक चक्कर मारून आणा आणि पेंढा भरलेल्या शिकारी पक्ष्यांचे पंजे उंदराच्या उंचीवरून पाहायला सांगा. नंतर पुस्तक उघडलं की पोट्टे स्वतःच चौकटी तपासत बसतात.

आता चित्रं. पीटरसनचे उंदीर हसत नाहीत. त्यांना भुवया नाहीत, रडताना डोळ्यांतून धार नाही, तोंड बोलण्यापुरतंही फारसं उघडत नाही. चेहरा शेवटपर्यंत उंदराचाच. कार्टूनची सवय असलेल्या वाचकाला पहिली वीसेक पानं ते थंड वाटतात. मग लक्षात येतं की भावना कानांत आहे, मानेच्या कोनात आहे, झगा कसा पकडलाय त्यात आहे. कान मागे पडले की भीती. अंग पुढे झुकलं, शेपटी ताठ झाली की हल्ल्याची तयारी. हे एकदा वाचता आलं की शब्द नसलेली पानं बोलायला लागतात, आणि अशी पानं या पुस्तकात भरपूर आहेत.

चेहरे सारखे असल्याचा तोटाही आहे. कोण कोण आहे हेच कळत नाही. पीटरसनने त्यासाठी रंगांची सोय केली आहे : सॅक्सनचा झगा लाल आणि अंग तपकिरी, केन्झीचा झगा निळा आणि अंग करडं, लियमचा झगा हिरवा आणि अंग तांबूस. स्वभावही तसेच वाटून दिलेत. सॅक्सन आधी तलवार काढतो, केन्झी काठी टेकून आधी विचार करतो, लियम तिघांत लहान. उजेडात हे छान चालतं. रात्रीच्या किंवा दिव्याच्या पिवळ्या उजेडाच्या पानांवर मात्र सगळे रंग एकाच तपकिरीकडे सरकतात आणि गर्दीत घोटाळा होतो. अशा वेळी झगा सोडा, अंगाचा रंग पाहा. त्यानेही नाही जमलं तर हातातलं शस्त्र पाहा. काठी म्हणजे केन्झी.

घरं आणि तटबंद्या इतक्या पक्क्या दिसतात त्याला कारण आहे. पीटरसन महत्त्वाच्या इमारतींची लहान मॉडेलं तयार करतो आणि त्यांच्याकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहून चित्र बेततो. त्यामुळे एका चौकटीत डावीकडे असलेला जिना पुढच्या पानावर उजवीकडे पळत नाही. कच्च्या रेखाटनांची जुळणी झाली की ती लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवून वरच्या जाड कागदावर शाईने उतरवायची, मग स्कॅन करून संगणकावर रंग भरायचे, अशी त्याची पद्धत. शाईच्या बारीक रेघांची जाळी हा त्याचा खरा हातखंडा. दगड, साल, लोकर, खवले, प्रत्येकाची रेघ वेगळी. रंग भरताना तो या रेघांवर चढत नाही. पार्श्वभूमीच्या काही रेघा काळ्याऐवजी रंगीत ठेवतो, त्यामुळे धुकं आणि अंतर आपोआप तयार होतं.

पुस्तक चौकोनी आहे, ८ बाय ८ इंच, म्हणजे साधारण २० सेंटीमीटर. उघडल्यावर ४० बाय २० ची आडवी पट्टी समोर येते. जमिनीलगत राहणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टीला हा आकार चपखल बसतो : साप आडवा पसरतो, वाट आडवी जाते. म्हणूनच हे पुस्तक मोबाईलवर वाचू नका. कॉमिक्सची अनेक ॲप्स एकेक चौकट पडद्याएवढी मोठी करून दाखवतात. मग चिमुकल्या उंदराची छोटी चौकट आणि अख्ख्या पानभर पसरलेला साप दोन्ही सारखेच दिसतात, आणि ज्यावर पुस्तक उभं आहे ते मोजमापच गायब होतं. डिजिटल प्रतच घ्यायची असेल तर किमान १० इंची टॅब, तो आडवा धरायचा आणि दोन पानं एकत्र दिसतील अशी सेटिंग ठेवायची.

नागपूरच्या वाचकाला एक अडचण ऋतूची येते. आपल्या आसपासचा साग उन्हाळ्याच्या तोंडावर उघडा पडतो, पळस फुलतो, आणि पानगळ म्हणजे पुढे ऊन वाढणार हे डोक्यात पक्कं असतं. पुस्तकातली पानगळ, म्हणजे नावातला ‘फॉल’, हिवाळ्याआधीची आहे. पुढे बर्फ आहे, वाटा बंद होणार आहेत, आणि त्याआधी गावागावांत धान्य पोचलं पाहिजे. धान्याच्या एका गाडीसाठी तीन सशस्त्र गार्ड का पाठवले, हे या घाईशिवाय समजत नाही. मुलांना वाचायला देताना एवढं एक वाक्य आधी सांगून टाका.

कथा चित्रांच्या तोडीची आहे का? नाही. सहा सुट्या अंकांचं पुस्तक झाल्याच्या खुणा जागोजागी दिसतात. प्रत्येक प्रकरण धक्क्यावर संपतं आणि पुढचं पुन्हा श्वास घेऊन सुरू होतं. फितुराची तक्रार काय होती, त्याच्यामागे एवढे उंदीर का गेले, हे संवादाच्या दोन-चार फुग्यांत आटोपलंय. वेढ्याची लढाई इतकी तयारी करून येते आणि मग लवकर उरकते. सेडी ही पुस्तकातली सर्वांत जिवंत पात्र, पण तिचं प्रकरण संपल्यावर तिला बराच वेळ बाजूला बसवलंय. संवाद जुन्या काळच्या शूरवीरांच्या थाटाचे आहेत. मान, शपथ, निष्ठा असे शब्द वरचेवर येतात आणि थट्टा जवळपास नाहीच. ज्यांना पात्रांची खोली हवी, ते पहिल्या वाचनात नाराज होतील. ज्यांना जग हवं, ते नकाशा शोधत शेवटच्या पानांकडे जातील.

आणि शेवटची पानं खरंच कामाची आहेत. कथा संपल्यावर उंदरांच्या मुलखाचा नकाशा, गावांची माहिती, उंदरांचे कामधंदे, इतर चित्रकारांनी काढलेली चित्रं असा ऐवज आहे. पहिल्या वाचनाआधीच नकाशाच्या पानावर एक खूण घालून ठेवा. गावांची नावं कथेत पटापट येतात आणि पहिल्या दोन प्रकरणांत दोन वेगळ्या दिशांना प्रवास चालू असतो. नकाशा उघडा नसेल तर सेडी कुठे आहे आणि बाकीचे कुठे, हे निसटतं.

कोणत्या वयासाठी? लढाई आहे, रक्त आहे, चांगले उंदीर मरतात, आणि सापाच्या पोटातला तो प्रसंग झाकलेला नाही. दहा वर्षांच्या पुढे बिनधास्त द्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला द्यायचं असेल तर पहिलं प्रकरण सोबत बसून वाचा. इंग्रजी माध्यमातल्या सहावीच्या मुलाला भाषा जमेल, अडेल ती जुन्या वळणाच्या शब्दांवर. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फुगे वाचायचेच नाहीत, फक्त चित्रं पाहून गोष्ट मराठीत सांगायची. कोण चाललंय, कशाला घाबरलंय, वारा कुठून येतोय. दुसऱ्या फेरीत मोठ्या माणसाने फुगे वाचून अर्थ सांगायचा. शब्दांविना पानं भरपूर असल्यामुळे पहिल्या फेरीतच बरीचशी गोष्ट हाती लागते. प्रस्तावनेचं मजकुराचं पान आधी वाचायला लावू नका, तिथेच मुलं पुस्तक मिटतात.

घेताना काय पाहायचं? पुस्तक बाहेरून येतं, त्यामुळे दुकानात फळीवर दिसेलच असं नाही. सीताबर्डी किंवा धरमपेठेतल्या दुकानात मागणी नोंदवायची तर नुसतं ‘माऊस गार्ड’ सांगू नका, ‘फॉल ११५२’ सांगा आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लिहून द्या. याच नावाचा एक खेळही आहे. ल्यूक क्रेनने २००८ मध्ये केलेल्या त्या रोलप्लेइंग गेमच्या, म्हणजे पात्रं बनून खेळायच्या खेळाच्या, पुस्तकावरही असाच झगेवाला उंदीर आहे. चित्रकादंबरी समजून तेच मागवलं की हाती नियमांची पानंच्या पानं येतात. ऑनलाइन घेताना किमतीत विक्रेत्यागणिक मोठा फरक दिसतो. विक्रेता कोण आणि परत घेण्याची अट काय, हे आधी बघा. चौकोनी पुठ्ठ्याचं पुस्तक नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटात आलं तर कोपरे हमखास चेपतात. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवलेला बरा.

नकली प्रत ओळखायची युक्ती अशी. साधं भिंग घ्या आणि फुग्यातली अक्षरं पाहा. मूळ छपाईत अक्षरं एकाच काळ्या शाईने छापलेली असतात, कडा स्वच्छ असतात. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत अक्षरं रंगीत ठिपक्यांनी बनलेली दिसतात आणि कडेला लालसर-निळसर सावली असते. दुसरी खूण रात्रीच्या पानांवर. पीटरसनची बारीक जाळी नकली प्रतीत भरून जाते आणि दगडी भिंतीचा नुसता काळा डाग होतो. अशी प्रत स्वस्त पडली तरी घेण्यात अर्थ नाही, कारण रेघच गेली तर मग घेतलं काय?

प्रत आल्यावर सगळी पानं एकदा चाळा. एखादा फर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, उलटा बसलेला किंवा दोनदा आलेला असू शकतो, आणि शब्द नसलेल्या पानांत ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. पानांचे आकडे सापडले नाहीत तर प्रकरणांची सुरुवातीची पानं मोजा, ती सहा हवीत.

हार्डकव्हर की पेपरबॅक? नागपुरात याचं उत्तर मे महिना देतो. पेपरबॅकची पानं कण्याला गरम डिंकाने चिकटवलेली असतात. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर हा डिंक मऊ पडतो, कणा वाकतो, आणि थंड झाल्यावर पुस्तक सपाट उघडायला गेलं की मधली पानं सुटतात. चित्र दोन पानांवर पसरलेलं असल्यामुळे हे पुस्तक सपाट उघडावंच लागतं. म्हणून हार्डकव्हर.

उन्हाहून मोठा शत्रू कूलर. पुस्तकाचा कागद गुळगुळीत, लेप दिलेला आहे. कूलरच्या थेट झोतात ठेवलं की हवेतली ओल लेपात मुरते, पानं लहरतात, आणि वर इतर पुस्तकांचं वजन असेल तर एकमेकांना चिकटतात. वाळल्यावर ओढलं की चित्राचा पापुद्रा समोरच्या पानावर निघून येतो. फळी कूलरच्या समोर नको, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीलाही नको. पुस्तक उभं ठेवा, दाटीवाटी करू नका. पाणी पडलंच तर ते मिटलेलं वाळू देऊ नका. ओलं असतानाच प्रत्येक दोन पानांत बटर पेपर सरकवा आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. चिकटलेली पानं सुकली असतील तर सुरीने सोडवायचा प्रयत्न नको, ते चित्र तुम्ही वाचवू शकत नाही. शाळेच्या वह्यांना लावतो तो चिकट प्लास्टिकचा कागद कव्हरवर चढवू नका, काढताना छपाई घेऊन येतो. सुटं पारदर्शक कव्हर पुरे.

पहिलं आवडलं तर पुढचा क्रम प्रकाशनाचाच धरा. ‘विंटर ११५२’ मध्ये औषध आणि रसद मिळवायला निघालेले तेच गार्ड बर्फात अडकतात. तिथलं घुबड आणि जमिनीखालच्या बोगद्यांतली वटवाघळं पाहिल्यावर पहिल्या भागातला साप सौम्य वाटतो. पांढऱ्या बर्फावर लाल, निळे, हिरवे झगे उठून दिसतात, त्यामुळे ओळखीचा घोटाळाही कमी. कथाही पहिल्यापेक्षा भरीव. तिसरं ‘द ब्लॅक ॲक्स’, त्यातलं साल १११५, म्हणजे ३७ वर्षं मागचं. कालक्रमाने ते आधीचं म्हणून तेच पहिलं वाचायचा मोह होईल. तसं केलंत तर पहिल्या भागात एका म्हाताऱ्या उंदराभोवती जे गूढ रचलंय ते आधीच फुटेल.

‘लेजंड्स ऑफ द गार्ड’ हे संग्रह शेवटी, आणि ते पीटरसनच्या चित्रांसाठी घेऊ नका. बार्कस्टोनमधल्या एका खानावळीत उंदीर गोष्टी सांगतात, ज्याची गोष्ट सर्वांत चांगली त्याची उधारी माफ, अशी चौकट. ती चौकट पीटरसनची, आतल्या गोष्टी वेगवेगळ्या चित्रकारांच्या. पहिल्या संग्रहाला २०११ चा आयस्नर मिळाला आहे, तरी काही गोष्टी उत्तम आणि काही नुसत्या भरतीच्या. पैसे मोजूनच खर्च करायचे असतील तर ‘फॉल’ आणि ‘विंटर’ हार्डकव्हरमध्ये घ्या, ‘ब्लॅक ॲक्स’ पुढच्या वर्षी, आणि संग्रह कोणाकडून वाचायला मिळाले तर बघा.